मच्छरदाणीचं जाळं आता बास!
सभासद बांधवांनो, गोदावरी समुद्राला मिळते तिथे कोरिंगाच्या खारफुटीत मासे-कोळंबीची पिल्लं वाढतात. बासरला समुद्र नाही, पण श्रीरामसागरचं बॅकवॉटर आहे. १ जुलैला बाभळीचे दरवाजे उघडतात. पावसात पाणी चढलं की काठचं गवत बुडतं. त्याच उथळ पाण्यात पिल्लं लपतात, मोठी होतात. आणि तिथेच आपलेच काही जण मच्छरदाणी ओढतात! टोपलीभर पिल्लांचे येतात किती? तीच रोहू-कटला पुढच्या उन्हाळ्यात किलोभराची झाली असती. पोटाला लागतं, हे आम्हालाही कळतं; आमचीही चूल याच पाण्यावर पेटते. पण सरकारने बोटुकली सोडायची अन् आपण गाळून काढायची, हे बरं नव्हे. आमचं मत स्पष्ट आहे: पावसाळाभर काठ सोडा, मोठ्या आसाचं जाळं वापरा.