हाड जुळल्यानंतरचा प्रश्न

२६ जून १९७१ रोजी केरळमधील एका कारखान्याचा कामगार सायकलवरून कामावर निघाला होता. पाळी साडेचारला सुरू होणार होती. सव्वाचारच्या सुमारास, कारखाना अवघा एक किलोमीटर राहिला असताना, एका मालमोटारीने त्याला धडक दिली. ती मालमोटार त्याच्याच मालकाची होती. दवाखान्यात ज्याला 'कॉलर बोन' म्हणतात त्या खांद्याच्या हाडाला इजा झाली आणि त्याला बारा दिवस रुग्णालयात काढावे लागले. ही इजा नोकरीच्या ओघात झाली की नाही, एवढाच वादाचा मुद्दा होता. विमा न्यायालयाने ती नोकरीतील इजा मानली. उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. राज्य विमा महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे आधी दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला आणि अखेर १९९६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की कामावर जायला निघणे म्हणजे काम सुरू होणे नव्हे. सबब ही इजा नोकरीतील नव्हे.

मोडलेले हाड जुळायला काही आठवडे किंवा काही महिने लागतात. या इजेला कायद्याने कोणते नाव द्यावे हे ठरायला पंचवीस वर्षे लागली. सायकलवरून पडून जबर जखमी झालेल्या श्रमिकाच्या 'बरे होण्या'चा प्रश्न या दोन मुदतींच्या मधल्या जागेत आहे. तो वैद्यकाचा जितका आहे तितकाच वेतनाचा, कायद्याचा आणि संघटनेचाही आहे.

सायकल ही आज शहरी मध्यमवर्गाच्या व्यायामाची वस्तू म्हणून वर्तमानपत्रांत झळकते. वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख लोक सायकलने कामावर जात होते. लुधियाना असो, कानपूर असो की भिवंडी, पहाटेच्या पाळीला आणि रात्रपाळीला हमरस्त्याच्या कडेने जाणारी ही रांग श्रमिकांची आहे. रस्ते रुंद झाले ते मोटारींसाठी. सायकलवाल्याच्या वाट्याला उरली ती डांबराची कड. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांची निदान मोजदाद होते. जखमी झालेल्यांचे पुढे काय झाले, त्यांपैकी किती जण आपल्या जुन्या कामावर परतले, याचा हिशेब ही आकडेवारी देत नाही.

मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. शस्त्रक्रिया करून हाडात सळई घातली जाते. काही दिवसांत रुग्ण घरी येतो आणि शेजारीपाजारी समजतात की संकट टळले. खरे तर लढाई तेथून सुरू होते. हाड पक्के होण्यास साधारण तीन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. वापर थांबल्यामुळे मांडीचे स्नायू झपाट्याने रोडावतात, गुडघा आखडतो. रोजचा व्यायाम, तज्ज्ञाची देखरेख आणि पुरेसा आहार यांवाचून तो पाय पूर्वीसारखा चालत नाही. ज्याच्या घरी चूल रोजच्या मजुरीवर पेटते तो मात्र सहा महिने थांबू शकत नाही. तो दुसऱ्याच महिन्यात कुबडी बाजूला ठेवून कामावर उभा राहतो. मग कधी आतली सळई वाकते, कधी हाड जुळतच नाही. डॉक्टर 'रुग्णाने सल्ला पाळला नाही' अशी नोंद करतात. सल्ला पाळण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती, ही नोंद कोणत्याच कागदावर होत नाही.

बरे होणे हे समाजाचे काम आहे असे मानले तर काय साधते, याचे एक उदाहरण सोव्हिएत संघाच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैबेरियाच्या कुर्गान प्रदेशात खेड्यापाड्यांतील रुग्ण तपासणाऱ्या गाव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांपुढे न जुळलेल्या हाडांचे असंख्य रुग्ण येत. १९५० च्या सुमारास त्यांनी पायाभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्यांचे साधन तयार केले. सायकलच्या चाकातील तारांप्रमाणे ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार जाऊन त्या कड्यांना बांधलेल्या असतात. या पद्धतीत रुग्णाला अंथरुणाला खिळून राहावे लागत नाही. हाड जुळत असतानाच तो त्या पायावर भार देऊन चालू शकतो. उंच उडीतील ऑलिंपिक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात पायाने जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर १९६८ साली तो कुर्गानला गेला, बरा झाला आणि पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. १९७१ साली या पद्धतीसाठी कुर्गानला स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. पश्चिम युरोपला ही पद्धत कळली ती १९८० नंतर. आज भारतातील मोठ्या रुग्णालयांतही अशी कडी घातलेले रुग्ण दिसतात. तंत्र येथवर पोहोचले. पण रुग्णाला महिनोन् महिने सांभाळण्याची सार्वजनिक जबाबदारी त्याच्याबरोबर आली नाही.

आपल्याकडे राज्यकर्त्यांची दृष्टी पहिल्या आठवड्यापलीकडे जात नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार, असे तिचे स्वरूप आहे. ती स्वागतार्ह आहे, आणि तीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर आली. परंतु मोडलेल्या मांडीला सात दिवस म्हणजे काय? शिवाय अपघातात मोटारवाहनाचा संबंध असला पाहिजे. खड्ड्यात चाक अडकून जो सायकलवाला आपटतो त्याला ही योजना नाही, आणि समोर कोणाचा विमाही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे जखमी होणाऱ्यांना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

खरा आधार असतो तो नियमित वेतनाच्या भरपाईचा. कर्मचारी राज्य विमा योजनेत साध्या आजारासाठी वर्षातून ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. तीच इजा 'नोकरीतील' ठरली तर कामगार कामास अक्षम आहे तोवर सुमारे ९० टक्के मिळते. केरळच्या त्या कामगाराचा खटला वरवर शब्दाचा वाटतो. प्रत्यक्षात तो कामगाराच्या घरातल्या धान्याचा होता. १९९६ च्या निकालानंतर चौदा वर्षांनी, २०१० साली, कायद्यात दुरुस्ती होऊन कामावर जाता-येता होणारा अपघात नोकरीशी संबंध दाखवता आल्यास नोकरीतील इजा मानला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात हेच तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यालाही लावले. तो रखवालदार २००३ साली कामावर जाताना मृत्यू पावला होता. त्याच्या कुटुंबाला बावीस वर्षे थांबावे लागले.

हक्क कागदावर आला. पण तो कितीजणांना लागू आहे? विम्यासाठी २०१७ पासून महिना २१,००० रुपये वेतनाची मर्यादा घालण्यात आली. दहाहून कमी माणसांच्या कारखान्यातला कामगार, नाक्यावरचा बिगारी, घरोघर दूध टाकणारा यांना हे छत्र नाही. सायकलवरून घरपोच जेवण पोचवणाऱ्या तरुणाला कंपनी 'भागीदार' म्हणते, म्हणजे पडला तर तो कोणाचाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या केली, पण त्यांच्यासाठी योजना आखता येतील एवढ्यावरच त्यांची बोळवण केली.

आणखी एक मुद्दा अपंगत्वाच्या टक्केवारीचा. हात किंवा पाय किती टक्के निकामी झाला हे वैद्यकीय मंडळ सांगते. परंतु सर्वोच्च न्यायालयानेच २०१० साली स्पष्ट केले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या शक्तीचा नाश या भिन्न गोष्टी आहेत. एक हात गेला तर सुताराची जवळजवळ सर्व कमाई जाऊ शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. श्रमशक्ती हीच ज्याची एकमेव मालमत्ता आहे त्याचे नुकसान हाडांच्या कोष्टकाने मोजता येत नाही. हे तत्त्व प्रत्येक दाव्यात आग्रहाने मांडणे हे कामगार वकिलांचे कर्तव्य आहे.

येथे कामगार चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. साथी जखमी झाला की पहिल्या आठवड्यात रुग्णालयात गर्दी होते, रक्त दिले जाते, वर्गणीही जमते. तिसऱ्या महिन्यात, जेव्हा उसने संपलेले असते, गुडघा वाकत नसतो आणि कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलेला असतो, तेव्हा त्याच्या दारात कोणी नसते. युनियनच्या प्रत्येक शाखेने जखमी सभासदांची नोंदवही ठेवावी. अपघाताची नोंद, वैद्यकीय कागद आणि विम्याचा दावा वेळेत दाखल होतो की नाही हे एका कार्यकर्त्याने पाहावे. तो कामावर परतेपर्यंत महिन्यातून एकदा तरी त्याच्या घरी जावे.

मागण्याही तितक्याच स्पष्ट हव्यात. प्रत्येक श्रमिकाला, त्याचा मालक कोणीही असो, कामावर जाता-येता झालेल्या इजेबद्दल पूर्णपणे बरे होईपर्यंत वेतनभरपाई मिळाली पाहिजे. प्रत्येक तालुका रुग्णालयात मोफत व्यायामोपचाराची सोय झाली पाहिजे. जुन्या कामावर, ते झेपत नसेल तर हलक्या कामावर, परत घेण्याचे बंधन मालकावर असले पाहिजे. आणि औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर सायकलसाठी वेगळी, सुरक्षित वाट आखली गेली पाहिजे.

डॉक्टरांच्या दृष्टीने रुग्ण बरा होतो तो क्ष-किरणांच्या चित्रात हाड जुळलेले दिसते तेव्हा. श्रमिकाच्या दृष्टीने तो बरा होतो तो पुन्हा सायकलवर टांग मारून, डोक्यावर कर्ज न घेता, आपल्या पाळीला वेळेवर पोहोचतो तेव्हा. या दोन दिवसांमधले अंतर कमी करणे हे केवळ दयेचे काम नव्हे. ते वर्गलढ्याचेच एक अंग आहे.