प्रेक्षकांचे देणे

२०१४ साली विम्बल्डनवर १९ वर्षांच्या निक किर्गिओसने राफाएल नदालला हरवले, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो १४४वा होता. नवा तारा उगवला म्हणून रसिक हरखले. पुढे रॅकेटी आपटल्या, पंचांशी भांडणे झाली. ‘तरुण रक्त आहे’ म्हणत लोकांनी तेही पोटात घातले. पण २०१६ मध्ये शांघायला सर्व्हिस नुसती पलीकडे ढकलून, चेंडू परत येण्याआधीच तो खुर्चीकडे वळला. ४८ मिनिटांत सामना संपला. प्रेक्षकांचे आपण काही देणे लागत नाही, असेही त्याने सुनावले. दंड झाला, बंदी आली.

प्रेक्षकांचा संताप मला रास्त वाटतो. तिकीट काढणारा विजय मागत नाही, जीव ओतून खेळणे मागतो. मात्र २०१९ मध्ये आपण नैराश्याने ग्रासलो होतो, हे किर्गिओसने २०२२ मध्ये सांगितले. तेव्हा रागावतानाही समोर माणूस आहे, याचे भान हवेच.

त्याच वर्षी विम्बल्डनच्या अंतिम फेरीत तो जोकोविचशी चार सेट झुंजून हरला. शांघायच्या पराभवाची लाज वाटावी आणि या पराभवाचा अभिमान, यातच प्रेक्षकांचे देणे काय असते ते कळते.