काचेच्या घराची मालकीण

शिकागोपासून सुमारे 90 किलोमीटरवर प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी, एक पांढरं काचेचं घर आहे. मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांनी सुट्टीत राहण्यासाठी ते वास्तुरचनाकार लुडविग मीस व्हान डर रोह यांच्याकडून बांधून घेतलं. बोलणी 1945 मध्ये सुरू झाली आणि 1951 मध्ये घर उभं राहिलं.

त्याचं सौंदर्य मी मनापासून मानतो. आठ पोलादी खांब जमिनीच्या आणि छताच्या पट्ट्यांखाली नाहीत, त्यांच्या बाहेरच्या कडेला जोडलेले आहेत. त्यामुळे दोन्ही पट्ट्या अधांतरी धरल्यासारख्या दिसतात. वेल्डिंगचे सांधे घासून असे गुळगुळीत केले आहेत की जोड कुठे आहे ते कळतच नाही. आत भिंतींच्या खोल्या नाहीत. स्वयंपाकाचा ओटा, दोन न्हाणीघरं, शेकोटी हे सगळं मध्ये एका लाकडी गाभ्यात सामावलंय. बाकी चहूबाजूंनी झाडं आणि नदी. इतक्या कमी घटकांत इतकं नेमकं काम विसाव्या शतकात फारच थोड्यांना जमलं.

पण राहणाऱ्या बाईंचं काय? काच एकपदरी. हिवाळ्यात तिच्यावर आतून पाणी धरायचं, उन्हाळ्यात घर तापायचं. दार सोडलं तर उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही लहान. रात्री दिवा लावला की किडे गोळा व्हायचे, म्हणून ओसरीला जाळी बसवावी लागली. कपड्यांचं कपाटही त्यांनी मागून करून घेतलं. खर्च वाढत गेला आणि प्रकरण कोर्टात पोहोचलं. 1953 मध्ये निकाल मीस यांच्या बाजूने लागला. पुढे अनेक वर्षं या बाई वास्तुकलेच्या चर्चेत ‘भांडखोर ग्राहक’ म्हणून उरल्या, कुजबुजीत तर प्रेमभंग झालेल्या स्त्री म्हणून. ज्यांच्या पैशावर आणि धाडसावर हे घर उभं राहिलं त्यांच्याशी हा अन्याय होता. तक्रारी खऱ्या होत्या. इतक्या गैरसोयीतही दोन दशकं त्या इथे येत राहिल्या.

नदीचंही तसंच झालं. जमिनीपासून सव्वापाच फूट उंचीवर घर ठेवलं म्हणजे पूर खालून जाईल, असा हिशेब होता. 1954 मध्येच पाणी घरात शिरलं. 1996 च्या पुरात आत सुमारे पाच फूट पाणी चढलं, काचा फुटल्या, लाकडी गाभा खराब झाला. तोवर मालकी पीटर पालुम्बो यांच्याकडे होती; 1972 मध्ये घर घेतल्यावर त्यांनी ती जाळी काढून टाकली होती. त्यांनी मोठा खर्च करून घर पुन्हा उभं केलं. 2008 मध्ये पाणी परत आलं. मीस यांना नदी पाहायला हवी होती आणि राहणारी व्यक्ती पाहणारी म्हणून हवी होती. दोघींचाही स्वभाव त्यांनी पुरता जमेस धरला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

2003 च्या लिलावात वारसाजतन संस्थांनी 75 लाख डॉलरना हे घर वाचवलं आणि ते लोकांसाठी खुलं झालं. 2021 मध्ये त्याचं अधिकृत नाव ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’ झालं. वास्तुकला शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: हे घर याच पूर्ण नावाने शिकवा, आणि आराखड्याशेजारी पुराची वर्षंही फळ्यावर लिहा.