ताटातली भाकर राखू या

वलगावच्या गावकऱ्यांनो, पेढीकाठच्या शेतकऱ्यांनो, मायबहिणींनो,

20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी आपल्या गावाजवळ, पेढीच्या काठी देह ठेवला. गाव झाडून झालं की बाबा कुणाच्याही दारची भाकर खापरात घेऊन खात. ती ज्वारीची भाकर आज वऱ्हाडातल्या घराघरांतून उठत चालली आहे, आणि ती राखायची म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

ज्वारी सुटली यात शेतकऱ्याचा दोष काढू नका. कणीस भरलं की पाखरं, रोही, रानडुकरं तुटून पडतात. काढणीला पाऊस लागला तर दाणा काळा पडतो, भाव कोसळतो. सोंगायला, खुडायला मजूर मिळत नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, मागून हरभरा पेरता येतो. ज्वारी गेली, तिच्यासोबत गुरांचा कडबा गेला, आणि रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ आला. आंबील, कण्या, कळण्याची भाकर म्हणजे काय, हे लेकरांना आता समजावून सांगावं लागतं.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. एकट्या भाकरीने हे दुखणं जाणार नाही. डाळ हवी, अंबाडी-तरोट्याची भाजी हवी. पण पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह आणि तंतू जास्त, आणि भाकरीला ही भाजी-डाळ आपसूक लागतेच.

सरकारने मनावर घेतलं तर ताट बदलतं. 1972च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आली आणि लोकांनी नाइलाजाने ती खाल्ली. त्याच वर्षी फिनलंडच्या उत्तर करेलियात हृदयविकाराने तरुण माणसं मरत होती. तिथे लोणी-मीठ कमी करण्याची मोहीम दवाखाने, शाळा, बायकांची मंडळं आणि शेतकऱ्यांनी मिळून चालवली. चाळीस वर्षांत कमावत्या वयाच्या पुरुषांचे हे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले.

आपल्याकडे कायदा तयार आहे. संविधानाचं कलम 47 लोकांचं पोषण सुधारणं हे राज्याचं कर्तव्य ठरवतं. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्यही आहे. 2025-26साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये ठरला. खरेदी केंद्र वेळेवर उघडलं नाही तर तो कागदावरच राहतो.

म्हणून येत्या ग्रामसभेला या, बायांनी तर आवर्जून या. ठराव मांडा: जिल्ह्यातली ज्वारी हमीभावाने वेळेवर खरेदी करा, तीच जिल्ह्याच्या रेशनवर द्या, शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा ज्वारीचा पदार्थ ठेवा, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई लवकर द्या. ठरावाची प्रत तहसीलदारांना आणि आमदारांना पोचवा. आणि ज्याला जमेल त्याने यंदाच्या खरिपात घरच्यापुरती एक एकर तरी ज्वारी पेरा.