माझदा : हट्ट कीं निष्ठा ?

कोणत्याहि वस्तूचा विचार तिच्या नांवापासून सुरू करावा, असा आम्हां जुन्या शिक्षकांचा परिपाठ आहे. म्हणून जपानांतील ज्या मोटार-कारखान्याचा वृत्तांत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाचा आहे, त्याच्या 'माझदा' या नांवापासूनच आरंभ करतों. आपल्याकडील पुष्कळांनीं हें नांव 'स्वराज माझदा' या जोडनांवानें लहान मालमोटारींच्या व बसगाड्यांच्या कपाळीं वाचलेलें असेल. पंजाबांतील त्या कारखान्यास जपानी कंपनीनें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत साह्य केलें होतें. पुढें तो संबंध सुटला आणि २०११ सालीं कंपनीचें नांवहि बदललें.

माझदा हें नांव कंपनीनें इराणी धर्मांतील 'अहुर मज्द' या परमेश्वराच्या नांवावरून घेतलें, असें कंपनीच सांगते. आपल्या 'स'काराचे ठिकाणीं अवेस्ताच्या भाषेंत 'ह'कार येतो. म्हणजे 'अहुर' हा आपला 'असुर'च होय. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत हा शब्द वरुणासारख्या देवांस आदरानें लावलेला आहे, हें संस्कृत शिकलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. 'मज्द' हा शब्द आपल्या 'मेधा' शब्दाचा भाऊ आहे. तेव्हां 'अहुर मज्द' म्हणजे मेधावी प्रभु. पण एवढ्यानें पुरें होत नाहीं. कंपनीच्या कर्त्या पुरुषाचें आडनांव मात्सुदा, आणि जपानी लोक आजहि या कंपनीच्या नांवाचा उच्चार 'मात्सुदा' असाच करतात. एकाच शब्दांत देवाचें नांव आणि घराण्याचेंहि नांव! आपल्या साहित्यशास्त्रांत यालाच श्लेष म्हणतात.

जुजिरो मात्सुदा यांचा जन्म १८७५ सालीं हिरोशिमा प्रांतांतील एका कोळी कुटुंबांत झाला. १९२० सालीं हिरोशिमा येथें 'तोयो कॉर्क कोग्यो' नांवाची कंपनी निघाली, आणि पुढल्याच वर्षीं तिचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. धंदा कसला, तर बुचाच्या लाकडाचा! पहिल्या महायुद्धामुळें परदेशी बूच मिळेनासें झालें होतें, तेव्हां जपानांतील एका जातीच्या ओक झाडाची साल त्याऐवजीं वापरूं लागले. युद्ध संपून खरें बूच पुन्हां येऊं लागतांच या धंद्यांतील राम गेला, आणि मात्सुदा यंत्रनिर्मितीकडे वळले. १९२७ सालीं कंपनीच्या नांवांतून 'कॉर्क' शब्द गळाला. १९३१ सालीं तीन चाकांची मालवाहू गाडी बाहेर पडली, आणि तिच्याच अंगावर 'माझदा' हें नांव प्रथम झळकलें.

नंतर उजाडला ६ ऑगस्ट १९४५ चा दिवस. त्याच दिवशीं मात्सुदांना सत्तर वर्षें पूर्ण झालीं होतीं. कारखाना फुचू या लगतच्या गांवीं, स्फोटाच्या जागेपासून सुमारें पांच किलोमीटरांवर होता, आणि मध्यें हिजियामा नांवाची लहानशी टेकडी आडवी होती. त्यामुळें शहर भस्मसात् झालें तरी कारखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या. मात्र त्या सकाळीं शहरांत असलेले कित्येक कामगार परत आले नाहींत. या इमारतींत जखमींची शुश्रूषा झाली आणि प्रांताचें सरकारी कामकाजहि कांहीं महिने तेथूनच चाललें. त्याच वर्षीं डिसेंबरांत तीनचाकी गाड्या पुन्हां तयार होऊं लागल्या. राख वाहून नेण्यास आणि घरें उभारण्यास गाडी हवीच होती.

१९५१ सालीं पुत्र त्सुनेजी मात्सुदा गादीवर आले. १९६० सालीं त्यांनीं पहिली चार चाकांची खाजगी मोटार काढली. परंतु त्याच सुमारास जपान सरकारच्या मनांत असें होतें कीं, देशांत मोटारीचे कारखाने फार झाले. लहानांनीं थोरांत विलीन व्हावें. अशा वेळीं लहान कारखान्यानें आपलें वेगळेपण कशावर सिद्ध करावें? त्सुनेजींनीं जर्मनीकडे पाहिलें. तेथें फेलिक्स वांकेल नांवाच्या संशोधकानें एनएसयू कंपनीच्या साह्यानें एक निराळ्याच जातीचें इंजिन बनविलें होतें. १९६१ सालीं माझदानें त्याचा परवाना घेतला.

हें इंजिन कसें चालतें, तें आमच्या गृहिणींस यंत्रशास्त्राच्या पुस्तकावांचूनहि समजेल. साध्या मोटारींतील दट्ट्या मुसळासारखा वरखालीं होतो. त्या वरखालीं होण्याचें रूपांतर फिरण्यांत करावें लागतें, आणि प्रत्येक वेळीं थांबून उलटें वळतांना हिसका बसतो. वांकेलचें इंजिन जात्यासारखें आहे. कमरेंत किंचित् दबलेल्या अंडाकृति पोकळींत एक तीन कोनांचा लोखंडी गोळा सतत फिरत राहतो, आणि त्याच्या तीन बाजूंस वायु आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें हीं चारहि कामें अखंड चालतात. भाग थोडे, वजन कमी, चाल मऊ. मग सगळ्या जगानें हेंच कां घेतलें नाहीं? कारण त्या तीन कोनांच्या टोकांशीं वायु निसटूं नये म्हणून ज्या पट्ट्या बसवितात, त्या पोकळीच्या भिंतीवर थरथरत घासतात व तेथें आडवे ओरखडे उमटतात. माझदाच्या लोकांनीं त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असें नांव दिलें.

त्या ओरखड्यांच्या परिहाराचें काम केनइची यामामोतो या यंत्रज्ञाकडे आलें. हे तोक्योच्या विद्यापीठाचे पदवीधर. परंतु युद्धानंतरच्या विपन्नावस्थेंत याच कारखान्यांत साधे जोडारी म्हणून लागले होते. १९६३ सालीं त्यांच्या हाताखालीं सत्तेचाळीस माणसांचें पथक झालें. जपानांत धन्याच्या अपमानाचें परिमार्जन करणाऱ्या सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ योद्ध्यांची कथा घरोघर सांगतात. तेंच नांव या पथकास पडलें. अनेक पदार्थ करून पाहिल्यावर कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या पट्ट्या टिकल्या. त्यानंतरहि गाडी लगेच बाजारांत आणली नाहीं. आधीं आपल्याच विक्रेत्यांकडे चाचणीसाठीं देऊन फिरविली. ३० मे १९६७ रोजीं 'कॉस्मो स्पोर्ट' विक्रीस आली, आणि पुढल्या वर्षीं जर्मनीतील ८४ तासांच्या शर्यतींत तिनें चौथा क्रमांक मिळविला.

त्याच १९६७ सालीं मूळच्या एनएसयू कंपनीनेंहि याच जातीच्या इंजिनाची एक देखणी मोटार काढली. तिच्या पट्ट्या लवकर झिजल्या. कंपनीनें मोठ्या सचोटीनें गिऱ्हाइकांना नवीं इंजिनें बदलून दिलीं, पण त्या खर्चानें ती खचली, आणि १९६९ सालीं तिला फोक्सवागेनच्या कुटुंबांत विलीन व्हावें लागलें. विकल्यानंतरची सचोटी चांगली खरी, परंतु विकण्यापूर्वींची तपासणी तिच्याहून श्रेष्ठ.

माझदाची परीक्षा १९७३ सालीं झाली. तेलाचा दुष्काळ पडला, आणि या इंजिनाची तेलाची भूक सर्वांच्या डोळ्यांत आली. अमेरिकेंत खप कोसळला, गाड्या आवारांत पडून राहिल्या, कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्याशीं आली. सुमितोमो बँकेनें हात दिला. कारखान्यांतील हजारों कामगार गाड्या विकण्यासाठीं विक्रेत्यांकडे पाठविले गेले. ज्याचा हात पान्याला सरावला आहे, त्यानें अनोळखी गांवीं दारोदार जाऊन आर्जवें करावीं, हें सोपें नव्हे. वरिष्ठांच्या निष्ठेची किंमत पुष्कळदां खालच्यांच्या घरांतून वसूल होते. यामामोतोंच्या माणसांनीं इंजिनाचें इंधन शेंकडा चाळीस टक्क्यांनीं वांचविण्याचें व्रत घेतलें, आणि १९७८ सालीं आरएक्स-७ ही गाडी निघाली. तिनें कंपनीस पुन्हां उभें केलें. १९७९ सालीं अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनें भागभांडवल घेतलें. तो संबंध पुढें वाढला व अखेर संपला. १९८४ सालीं यामामोतो स्वतः अध्यक्ष झाले. १९९१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझदानें याच जातीच्या इंजिनानें जिंकली. हा मान मिळविणारी ती पहिली जपानी गाडी.

आतां मालकांचें मत. कंपनीचा इतिहास कितीहि उज्ज्वल असला तरी सकाळीं गाडी सुरू होते कीं नाहीं, हा प्रश्न मालकाचा असतो. माझदाच्या साध्या मोटारींत आतां नेहमींच्याच दट्ट्याचें इंजिन असतें. त्यांच्या मालकांत एक गोष्ट सर्वमुखीं आहे : चक्र फिरवावें तशी गाडी वळते. तक्रारीहि ठराविक आहेत. मागच्या आसनांवर जागा बेताची, रस्त्याचा आवाज आंत येतो. आणि बर्फाळ देशांत, जेथें रस्त्यावर मीठ टाकतात तेथें, जुन्या माझदा-३ गाड्यांच्या मागील चाकांवरचा पत्रा गंजतो. अमेरिकेंतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हें मासिक आपल्या वाचकांकडून त्यांच्या गाड्यांची हकीकत मागवितें. २०२० सालीं त्या हिशेबांत विश्वासूपणाचा पहिला क्रमांक माझदास मिळाला. पुढल्या वर्षीं तो राहिला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

दोन आसनांची एमएक्स-५ ही लहान गाडी १९८९ सालीं निघाली, आणि तिच्या दहा लक्षांहून अधिक प्रती झाल्या. तिच्या कर्त्यांनीं जपानी धनुर्विद्येंतील एक वचन समोर ठेवलें : घोडा आणि स्वार एकदेह व्हावे. नलोपाख्यानांत अश्वांचें हृदय जाणणाऱ्या नलानें ऋतुपर्ण राजाच्या रथास दिसावयास कृश घोडे निवडले; राजा नाराज झाला, पण वाटेंत त्याचें उत्तरीय गळून पडलें, तें घेण्यास थांब म्हणेपर्यंत एक योजन मागें पडलें होतें. या गाडीचे मालक नेमकें हेंच सांगतात : शक्ति माफक, पण गाडी मनाबरोबर चालते.

तिसरा वर्ग फिरत्या इंजिनाच्या मालकांचा. २००३ ते २०१२ पर्यंत निघालेल्या आरएक्स-८ चे मालक नव्या गिऱ्हाइकास आधीं पथ्य सांगतात : इंजिनांतलें तेल वरचेवर पाहा, कारण हें इंजिन थोडें वंगण जाळतेंच, थंड इंजिन सुरू करून गाडी चार पावलें सरकवून लगेच बंद करूं नका, जुनी घेणें झाल्यास इंजिनाचा दाब मोजल्यावांचून पैसे देऊं नका. पट्ट्यांचें दुखणें तिलाहि होतें. कंपनीनें अखेर अमेरिकेंत इंजिनाच्या मुख्य भागाची हमी आठ वर्षें अथवा एक लक्ष मैलांपर्यंत वाढविली. परंतु तोंपर्यंत अनेकांना त्रास होऊन गेला होता. गंमत अशी कीं, एवढें सोसूनहि यांतील पुष्कळ मालक गाडी विकावयास तयार नसतात.

मग हा हट्ट म्हणावा कीं निष्ठा? २०२३ सालीं माझदानें फिरतें इंजिन पुन्हां आणलें आहे; पण आतां तें चाकें फिरवीत नाहीं, विजेच्या गाडीसाठीं वीज तयार करतें. आमच्या मतें उत्तर यांतच आहे. हट्टी मनुष्य आपल्या प्रिय वस्तूचा दोष नाकारतो. निष्ठावान् मनुष्य तो दोष ओरखड्याच्या नांवासह लिहून ठेवतो, त्यावर उपाय शोधतो, आणि तरीहि वस्तु एका कामास पुरी पडत नाहीं असें दिसलें, तर तिला झेपेल असें दुसरें काम देतो. माझदाच्या शंभर वर्षांत दोन्ही सांपडतात. १९६३ सालीं निष्ठा होती. १९७३ सालीं तेलाची भूक वेळीं ओळखली नाहीं, तो हट्ट होता, आणि त्याचा भुर्दंड कामगारांनीं भरला.

मोठ्या कुटुंबांत गाडी घेण्याचा बेत निघाला म्हणजे मुलें वेग विचारतात आणि वडील किंमत विचारतात. तिसरा एक प्रश्न विचारीत जावा : या कारखान्यास आपला दोष जेव्हां कळला, तेव्हां त्यानें काय केलें? गाडी कोणत्याहि देशाची असो, या प्रश्नाचें उत्तर जुन्या मालकांकडेच मिळेल. आणि गाडीची स्तुति करतांना जो मालक तिचें पथ्यहि सांगतो, त्याच्याच शब्दावर विसंबावें.