सेल्फ मारताना दिवे का मंदावतात?

गाडीची किल्ली फिरवताच हेडलाइट आणि डॅशबोर्डवरील दिवे क्षणभर मंदावतात किंवा लुकलुकतात, हे बहुतेक वाहनधारकांनी पाहिलेले असते. काही जण तिकडे दुर्लक्ष करतात आणि नेमक्या निकडीच्या दिवशी पहाटे गाडी दारातच अडून बसते. काही जण लगेच नवी बॅटरी आणतात. चांगली बॅटरी भंगारात जाते आणि मूळ दोष गाडीतच राहतो. हिशेबात फरक आढळला म्हणून कोणी नवी वही आणत नाही, नोंदी ओळीने तपासतो. येथेही तोच क्रम हितावह आहे.

प्रथम कारण समजून घेऊ. दोन्ही हेडलाइट मिळून सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात. इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, जिला आपण सेल्फ म्हणतो, ती साध्या पेट्रोल गाडीतही 100 ते 200 अँपिअर ओढते. डिझेल गाडीत त्याहून अधिक. एवढा भार एकदम पडला की बॅटरीचा दाब उतरतो. साध्या तारेच्या बल्बला 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले, तर त्याचा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. म्हणून एखादा क्षण दिवे मंदावणे स्वाभाविक आहे. कित्येक गाड्यांत तर सेल्फ फिरत असताना हेडलाइट मुद्दाम बंद ठेवण्याची योजनाच असते. मात्र मंदावणे पूर्वीपेक्षा वाढले असेल किंवा इंजिन जड फिरत असेल, तर तपासणी टाळू नये.

लक्षणे पुष्कळ काही सांगतात. दिवे मंद होऊन नुसता ‘टक-टक’ आवाज येत असेल, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे पूर्णपणे विझून पुन्हा लागत असतील, तर टर्मिनलवर संशय घ्यावा. दिवे प्रखर राहिले आणि सेल्फ मात्र फिरलाच नाही, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जोडणीत असतो.

तपासणी बिनखर्चाच्या गोष्टीपासून आरंभावी. टर्मिनल हाताने हलवून पाहावे. ते किंचितही हलता कामा नये. त्यावर पांढरा किंवा हिरवट थर साचला असेल, तर इंजिन बंद करून प्रथम ऋण आणि नंतर धन टर्मिनल सोडवावे. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व ब्रशने थर घासून काढावा, भाग कोरडा करावा, प्रथम धन व शेवटी ऋण टर्मिनल घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघू शकतो; म्हणून जवळ ज्योत नसावी आणि हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे.

यानंतर मल्टीमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.2 म्हणजे सुमारे निम्मी. आता दुसऱ्या व्यक्तीस सेल्फ मारण्यास सांगून आकडा पाहावा. भरलेली बॅटरीही 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल, तर ती थकलेली असू शकते किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत असेल.

येथे बहुतेकांकडून सुटणारी एक तपासणी आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून सेल्फ मारावा. आकडा साधारण 0.2 व्होल्टहून बराच अधिक आला, तर अर्थची केबल गंजलेली किंवा सैल आहे. दमट हवेत आणि किनारपट्टीवर हा दोष वारंवार आढळतो. एक बोल्ट सोडून, धातू घासून पुन्हा आवळला की पुष्कळदा काम भागते. नव्या बॅटरीने हा दोष कधीच जात नाही.

शेवटी इंजिन चालू असताना मोजणी करावी. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले, तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. गाडी चालू असतानाही दिवे लुकलुकत असतील, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि जोडण्या पाहाव्यात. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब स्वतः कमी-अधिक करतो, हेही ध्यानात असावे.

घर ते दुकान एवढाच प्रवास करणाऱ्या गाडीची बॅटरी निर्दोष असूनही उपाशी राहते, कारण सेल्फने घेतलेली वीज भरून येण्याइतका वेळच मिळत नाही. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

हे तीन-चार आकडे कागदावर लिहून गॅरेजमध्ये न्यावेत. ग्राहकाच्या हाती मोजमाप असले की कारागिरालाही अंदाजाने सुटे भाग बदलावे लागत नाहीत आणि खर्च नेमका दोषावरच होतो.