वाळूजचा पगार

आपल्या जिल्ह्याचा विकास कशामुळे झाला असे वर्गात कुणालाही विचारावे, उत्तर ठरलेले असते : वाळूजमुळे. उत्तर खोटे नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि एरवी दुष्काळाखेरीज ज्याची बातमी होत नसे, त्या आपल्या मुलखातून वाहने बाहेर पडू लागली. एका गाडीला शेकडो सुटे भाग लागतात. ते सर्व एकच कंपनी करीत नाही. म्हणून भोवती डाय कास्टिंगची, प्रेसची, प्लेटिंगची शेड उभी राहिली. एन्ड्युरन्स, व्हेरॉक ही आज देशभर ठाऊक असलेली नावे बजाजला सुटे भाग पुरवीतच येथे मोठी झाली. हे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु कारखान्याने गावाला काय दिले, हे वर्षाकाठी किती गाड्या निघाल्या त्यावरून कळत नाही. पगार घरात कोणत्या रूपाने आला, ते पाहावे लागते.

माझे वडील दहावी शिकलेले. गंगापूर तालुक्यातील कोरडवाहू शेती सोडून ते वाळूजच्या एका लहान कारखान्यात प्रेसवर लागले व कायम झाले. त्या पगारपत्रकावर बँकेने कर्ज दिले आणि बजाजनगरात आमच्या दोन खोल्या झाल्या. गवंडी, सुतार, सिमेंटवाला, सगळ्यांच्या हाती त्यातला पैसा गेला. दुकानदार महिनाभर उधारीवर किराणा देई, कारण पगाराची तारीख त्यालाही पाठ होती. माझी फी याच पगारातून भरली जाते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच.

आता माझा चुलतभाऊ पाहा. दादा आयटीआय झालेला फिटर, म्हणजे वडिलांहून अधिक शिकलेला. तोही सुटे भागच करतो, पण ठेकेदाराकडे. सलग २४० दिवस भरले की कामगाराला कायम करावे, अशी तरतूद राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत करण्यात आली होती. दादाला सात महिने झाले की 'ब्रेक' मिळतो, मग नवा गेटपास, कधी नवा ठेकेदार. (हिशेब किती चोख!) रांजणगाव शेणपुंजीला एका खोलीत पाच जण राहतात, मेसचा डबा खातात. त्याला कर्ज कोण देणार? पूर्वी मुलगा 'कंपनीत आहे' एवढे म्हटले की सोयरीक जमत असे. आता मुलीकडचे विचारतात, परमनंट आहे का?

कुणी म्हणेल, लहान कारखानदार तरी काय करील? बाजारात मंदी आली की मोठ्या कंपनीची ऑर्डर घटते, सगळे कामगार बारमाही कसे पोसायचे? यात तथ्य आहे. पण मग मंदीचा भार सर्वांत आधी त्याच्यावर का, ज्याच्याजवळ महिनाभराचीही शिल्लक नाही? २०१० साली याच शहरातील उद्योजक व व्यावसायिकांनी मिळून सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या आणि ती बातमी देशभर गाजली. मला त्या गाड्यांचा मत्सर नाही. पण ती श्रीमंती रांजणगावच्या त्या खोलीपर्यंत का उतरली नाही, हे विचारण्याचा हक्क मला आहे.

हा प्रश्न आताच विचारायला हवा. विजेच्या दुचाकीला पिस्टन लागत नाही, कार्ब्युरेटर लागत नाही. तसले भाग करणाऱ्या शेडमधून आधी कुणाला काढतील हे उघड आहे. दुसरीकडे जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या मोटार कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. गुंतवणुकीचा आकडा सुमारे वीस हजार कोटींचा. किती रोजगार मिळणार, यावर कट्ट्यावर चर्चा रंगतात. त्यांत कायम किती, हे कुणी विचारीत नाही.

आपल्या अर्थशास्त्राच्या सरांना माझी एक विनंती आहे. प्रकल्पासाठी दरवर्षी आपण गाइडमधून आकडे उतरवतो. यंदा वही घेऊन रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूरच्या खोल्यांतून फिरू आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारू : कायम की कंत्राटी, कितवा ब्रेक, आणि गावी किती पैसे पाठविता? रविवारी गेलो तर बरेच जण भेटतील. दादाने सोबत यायचे कबूल केले आहे.